इन्किलाब म्हणजे क्रांती नव्हे: कैरोतून बातमी देताना

अरब जगात नेमणूक झालेल्या वार्ताहराचे पहिले काही आठवडे बातमीत जात नाहीत, कागदांत जातात. कैरोत तर नक्कीच. संपादकाचं पत्र लेटरहेडवर आणि शाईच्या सहीचं हवं, नुसती स्कॅन केलेली प्रत चालेल असं धरून चालू नये. त्याबरोबर पासपोर्टच्या प्रती, फोटो, छापून आलेल्या बातम्यांची कात्रणं आणि उपकरणांची यादी. या यादीत कॅमेरा, लेन्स, मायक्रोफोन, लॅपटॉप या प्रत्येकाचा अनुक्रमांक लिहायचा. सगळ्यात जास्त अडतं ते इथेच. निघायच्या आदल्या दिवशी लेन्स बदलली, किंवा क्रमांकातला एक आकडा चुकला, की कस्टमवाला ती वस्तू बाजूला काढून ठेवतो. मग ती सोडवून आणायला दोन-तीन खेपा पडतात. यादी अरबीत भाषांतर करून दोन प्रतींत न्यावी आणि परतताना तीच यादी दाखवता येईल अशी जपावी.

पत्रकाराच्या मान्यतेचा अर्ज दूतावासामार्फत सरकारी माहिती खात्याकडे, म्हणजे 'हैअत अल-इस्तिअलामात'कडे जातो. परदेशी पत्रकारांचं केंद्र याच खात्याचं. ते वर्षानुवर्षं नाईलकाठच्या मासपेरो इमारतीत, सरकारी रेडिओ-टीव्हीच्या मुख्यालयात होतं. कागदावर 'खित्म अन-निस्र', म्हणजे गरुडाचा शिक्का उमटला की तो खरा. (आपला शिक्का अरबीतूनच आलेला, पण कैरोत 'सिक्का' म्हटलं तर लोक रस्ता दाखवतात.) 'बुकरा' म्हणजे उद्या. मात्र खिडकीमागच्या माणसाच्या तोंडी त्याचा अर्थ 'आज नाही' एवढाच घ्यायचा.

पत्रकाराचं कार्ड मिळालं म्हणजे काम करायची मुभा मिळाली, हा नवख्याचा नेहमीचा गैरसमज. तुम्ही कोण हे कार्ड सांगतं. कुठे, कधी, काय चित्रित करणार हे वेगळा 'तसरीह', म्हणजे परवाना, सांगतो. मेट्रो, पूल, सुएझ कालवा, लष्कराची कुठलीही भिंत, दूतावास या ठिकाणी तसरीह नसताना कॅमेरा काढूच नये. उत्तर सिनाई तर अनेक वर्षं पत्रकारांना जवळजवळ बंदच राहिला. लिहिण्यावरही कायदा आहे. ऑगस्ट २०१५ च्या दहशतवादविरोधी कायद्याच्या, म्हणजे कायदा क्रमांक ९४ च्या ३५ व्या कलमाप्रमाणे, दहशतवादी हल्ल्याबद्दल संरक्षण मंत्रालयाच्या निवेदनाशी विसंगत माहिती छापली तर दोन ते पाच लाख इजिप्शियन पाउंड दंड होऊ शकतो. मार्च २०२० मध्ये 'गार्डियन'च्या वार्ताहराची मान्यता काढून घेतली गेली. कारण होतं करोना रुग्णांच्या संख्येचा सरकारी आकड्याहून मोठा असलेला एक शास्त्रीय अंदाज. आकडा कुणाचा आहे हे बातमीत लिहिलं होतं, तरीही.

पासपोर्टचं गणित वेगळं. इस्रायलला जाऊन आल्याची खूण असेल तर लेबनॉनमध्ये प्रवेश मिळत नाही. इस्रायल हल्ली पासपोर्टवर शिक्का न मारता वेगळी चिठ्ठी देतं, पण तेवढ्याने भागत नाही. ताबा या सीमेवरच्या नाक्यावर इजिप्तचा किंवा शेख हुसेन पुलावर जॉर्डनचा शिक्का पडलेला असेल, तर पलीकडे कुठला देश आहे हे बैरूतच्या अधिकाऱ्याला नकाशा न पाहता कळतं. ब्रिटिश वार्ताहर यासाठी दुसरा पासपोर्ट काढून ठेवतात. भारतीयांना दोन साधे पासपोर्ट मिळत नाहीत, म्हणून फेऱ्यांचा क्रम आधी ठरवावा लागतो: बैरूत आधी, जेरुसलेम नंतर.

आता भाषा. मराठी माणसाला इथे एक फायदा आहे आणि तोच त्याला खड्ड्यात घालतो. फारसीच्या वाटेने आलेले अरबी शब्द आपल्या तोंडात शेकड्यांनी आहेत: अर्ज, वकील, कायदा, हजर, जाहीर, मजकूर, तारीख. रस्त्यावरच्या पाट्या कानाला ओळखीच्या लागतात आणि आत्मविश्वास वाढतो. पण अरबीत 'गरीब' म्हणजे विचित्र किंवा परका, 'तकरार' म्हणजे पुनरावृत्ती, 'फुर्सा' म्हणजे संधी, आणि 'कायदा' म्हणजे पाया किंवा तळ. म्हणूनच 'अल-कायदा' या संघटनेचं नाव तसं आहे.

यातला सगळ्यात महागात पडणारा शब्द 'इन्किलाब'. आपल्याकडे तो भगतसिंगांच्या घोषणेतला. अरबीत मात्र इन्किलाब म्हणजे सत्तापालट, लष्करी बंड. क्रांतीला 'थौरा' म्हणतात, कैरोच्या उच्चारात 'सौरा'. ३ जुलै २०१३ ला लष्कराने राष्ट्राध्यक्ष मोर्सींना हटवलं, त्यानंतर कोण कुठल्या बाजूचा हे या दोन शब्दांवरून कळत होतं. मोर्सींचे समर्थक 'इन्किलाब' म्हणत, विरोधक '३० जूनची सौरा', कारण त्या दिवशी मोर्सींविरुद्ध मोठे मोर्चे निघाले होते. त्या दिवसांत टॅक्सीत बसून, कौतुकाच्या सुरात का होईना, 'इन्किलाब' म्हणणं म्हणजे राजकीय भूमिका जाहीर करणं होतं. उलट २०११ च्या उठावातली घोषणा मराठवाड्यातल्या वाचकाला कुणी समजावून सांगायला नको: 'अश्-शअब युरीद इस्कात अन-निज़ाम'. लोकांना निज़ाम पाडायचा आहे. तिथे निज़ाम म्हणजे व्यवस्था, राजवट.

वर्गात शिकलेली अरबी म्हणजे 'फुसहा', वर्तमानपत्रांची आणि भाषणांची. रस्त्यावर ती कुणी बोलत नाही. 'मला हवंय' हे कैरोत 'आयिझ', बैरूत-दमास्कसला 'बद्दी', बगदादला 'अरीद', आखातात 'अबगा', मोरोक्कोत 'बगीत'. 'माशी' म्हणजे कैरोत 'ठीक आहे', मोरोक्कोत 'नाही'. कामावरच्या माणसाला बैरूतमध्ये 'यअतीक अल-आफिया' म्हणतात, देव तुला बळ देवो. हेच वाक्य मोरोक्कोत म्हटलं तर ऐकणारा चमकतो, कारण तिथे 'आफिया' म्हणजे आग. 'ज'चा कैरोत 'ग' होतो, म्हणून इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष होते ते गमाल अब्देल नासर आणि सौदी पत्रकार जमाल खाशोगी यांचं पहिलं नाव एकच आहे.

या फरकांचा उपयोग पडताळणीला होतो. एखादी चित्रफीत सीरियाच्या किनाऱ्यावरची म्हणून फिरत असेल तर त्यातला 'क़ाफ', म्हणजे 'क़' हे अक्षर, ऐकायचा. तिकडे तो घशातून खणखणीत येतो, दमास्कस आणि कैरोत गळून पडतो, बगदादला आणि दक्षिण इजिप्तमध्ये 'ग' होतो. अर्थात उच्चार हा नुसता धागा. त्यावरून बातमी करायची नाही. मिनारांचा आकार, डोंगररेषा, गाड्यांच्या पाट्या, सावल्यांची लांबी हे सगळं उपग्रहचित्राशी जुळलं तरच पुढे जायचं.

आकड्यांतही सापळे आहेत. मोरोक्कोपासून ट्युनिसपर्यंत इंग्रजी आकडे चालतात, कैरोपासून पुढे पूर्वेकडचे. त्यातला पाच आपल्या शून्यासारखा गोल, आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. चारचा आकडा घाईत देवनागरी सहासारखा दिसतो. शवागाराच्या दारावर लावलेली यादी मोबाईलवर टिपून घेतल्यावर ही चूक हमखास होते, म्हणून आकडे जागेवरच कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्यावेत. महिन्यांचंही तसंच. एप्रिल कैरोत 'इब्रील', बगदाद-दमास्कस-बैरूतमध्ये 'नीसान', अल्जिअर्समध्ये 'अव्रील'. 'तिश्रीन अव्वल' ऑक्टोबर आणि 'तिश्रीन सानी' नोव्हेंबर. भाषांतरकाराने नुसतं 'तिश्रीन' लिहिलं तर बातमी महिनाभर सरकते.

नावं पूर्ण घ्यावीत. 'अबू अम्मार', 'अबू माझेन' अशा कुन्या, म्हणजे 'अमक्याचा बाप' अशी हाक मारायची नावं, आपल्या 'गण्याची आई'सारख्या असतात. अराफात आणि अब्बास यांच्या बाबतीत त्या जगाला ठाऊक आहेत, पण इस्पितळातला एखादा 'अबू अहमद' नंतर सापडत नाही. इजिप्तमध्ये स्वतःचं, वडिलांचं, आजोबांचं अशी निदान तीन नावं विचारायची. आडनाव असेलच असं नाही.

या सगळ्यासाठी लागतो स्थानिक सहकारी. आमच्या धंद्यात त्याला 'फिक्सर' म्हणतात. शब्द वाईट आहे, पण तोच रूढ झाला. फोन तो लावतो, वेळ तो घेतो, कुठल्या गल्लीत शिरू नये हे त्याला ठाऊक असतं, आणि मुलाखतीत दुभाषाही तोच. त्याच्याशी पहिल्या दिवशी चार गोष्टी ठरवून टाकाव्यात: दिवसाचा मेहनताना, गाडी आणि पेट्रोल धरून की सोडून, बातमीत त्याचं नाव द्यायचं की नाही, आणि तो अटकेत गेला किंवा जखमी झाला तर वकिलाचा व दवाखान्याचा खर्च कोण करणार. चौथा प्रश्न बहुतेक संपादकांना आवडत नाही. तो लेखी विचारावा.

का, ते कैरोतल्याच एका खटल्यात दिसतं. २९ डिसेंबर २०१३ ला अल जझीरा इंग्रजीच्या तिघांना अटक झाली: ऑस्ट्रेलियाचे पीटर ग्रेस्ट, कॅनडाचंही नागरिकत्व असलेले मोहम्मद फहमी, आणि इजिप्शियन निर्माते बाहेर मोहम्मद. जून २०१४ मध्ये पहिल्या दोघांना सात वर्षांची शिक्षा झाली. बाहेर यांना दहा, कारण त्यांच्याकडे झाडलेल्या गोळीची एक रिकामी पुंगळी सापडली होती. ग्रेस्ट फेब्रुवारी २०१५ मध्ये मायदेशी रवाना झाले. फहमींनी सुटकेसाठी इजिप्तचं नागरिकत्व सोडून पाहिलं, तरी ते आणि बाहेर सप्टेंबरमध्ये माफी मिळाल्यावरच कायमचे सुटले. खोली एक, बातमी एक, पण परदेशी पासपोर्टवाल्याला बाहेर पडायला एक दार जास्त होतं. गाझात तर ऑक्टोबर २०२३ पासूनच्या युद्धात इस्रायलने परदेशी वार्ताहरांना लष्कराच्या सोबतीशिवाय आत सोडलंच नाही. तिथली बातमी तिथल्याच पत्रकारांनी दिली आणि मेलेही तेच.

मुलाखतीत दुभाषाला एक सूचना द्यावी: 'तो म्हणतो की' नको, तो जसा बोलला तसं 'मी' म्हणून सांग. समोरचा तीन मिनिटं बोलला आणि दुभाषाने एका वाक्यात आटोपलं, तर थांबवायचं आणि पुन्हा विचारायचं. अरबी आवाज पूर्ण ध्वनिमुद्रित करायचा आणि महत्त्वाचा भाग दुसऱ्या भाषांतरकाराकडून तपासून घ्यायचा. दुभाषा खोटं बोलतो असं नाही. तो मालकाला काय आवडेल याचा अंदाज घेतो. ३० ऑगस्ट २०१२ ला तेहरानच्या अलिप्त राष्ट्रांच्या परिषदेत मोर्सींनी सीरियाच्या राजवटीवर टीका केली. इराणी टीव्हीच्या फारसी भाषांतरात 'सीरिया'च्या जागी 'बहरीन' आलं आणि बहरीनने निषेध नोंदवला. ती चूक पकडली गेली, कारण मूळ भाषण जगाने ऐकलं होतं. गल्लीतल्या मुलाखतीचं मूळ फक्त तुमच्या रेकॉर्डरमध्ये असतं.

पहिला प्रश्न चहानंतर. घाई करणाऱ्याला उत्तरं मिळतात, माहिती मिळत नाही.

२०११ नंतर कैरोतला वार्ताहर शुक्रवारभोवती आठवडा बांधायचा. दुपारच्या नमाजानंतर मोर्चे निघत आणि प्रत्येक शुक्रवारला नाव असे. २८ जानेवारी २०११ चा 'रागाचा शुक्रवार' त्यातला पहिला मोठा. मशीद आदल्या रात्री निवडायची, अकराच्या आत पोचायचं, मुख्य दारासमोर नाही तर बाजूच्या गल्लीच्या तोंडाशी उभं राहायचं. अश्रुधूर येतो तेव्हा कॉन्टॅक्ट लेन्स डोळ्यात नसाव्यात. वाऱ्याच्या उलट दिशेने, उंचावर जावं. कैरोची पोरं व्हिनेगर आणि कांदा पुढे करतात. प्रेमाने घ्यावं, डोळे मात्र साध्या पाण्याने धुवावेत.

गर्दीचा आकडा कुणाला विचारू नये, मोजावा. तहरीर चौक लगतच्या रस्त्यांसह पन्नास हजार चौरस मीटर धरला आणि दाटीवाटीने चौरस मीटरमागे चार माणसं धरली, तरी दोन लाख होतात. तिथे 'मिल्यूनिया', म्हणजे दशलक्षाचा मोर्चा, हे नाव होतं, मोजमाप नव्हे. शिवाजी पार्कच्या सभांचे आकडे लिहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

मृतांचा आकडा त्याहून अवघड. १४ ऑगस्ट २०१३ ला कैरोत राबिआ अल-अदविया चौकातला मोर्सी समर्थकांचा ठिय्या उठवताना झालेल्या हत्याकांडात आरोग्य मंत्रालय सुरुवातीला सरकारी इस्पितळांतून आणि झैनहुम शवागारातून गेलेलेच मृतदेह मोजत होतं. जवळच्या अल-ईमान मशिदीत बर्फाच्या लाद्यांवर ठेवलेले दोनशेहून अधिक मृतदेह त्या हिशोबात नव्हते. 'ह्यूमन राइट्स वॉच'ने वर्षभराने एकट्या राबिआतल्या मृतांची संख्या किमान ८१७ दिली. म्हणून आकड्यापुढे नेहमी तीन गोष्टी लिहायच्या: कुणी मोजलं, कुठे मोजलं, किती वाजेपर्यंत. आणि 'शहीद' हा शब्द अरबीत मारल्या गेलेल्या कुणालाही लावतात, अपघातात गेलेल्या मुलालाही. मराठीत तो तसाच उतरवला तर वाचकाला सैनिक दिसतो.

भारतीय वार्ताहरासाठी पडताळणीचा सगळ्यात कठीण धडा इराकमधल्या मोसुलचा. जून २०१४ मध्ये इस्लामिक स्टेटने तिथे ४० भारतीय कामगारांना पळवलं. त्यांच्यातून निसटलेला एकजण बाकीच्या ३९ जणांना गोळ्या घातल्याचं सांगत होता. पुरावा नसताना त्यांना मृत ठरवणार नाही, ही सरकारची भूमिका होती. कुटुंबं दोन्हींच्या मधे. अशा वेळी 'मारले गेले' असंही लिहिता येत नाही आणि 'जिवंत आहेत' असंही नाही. साक्षीदार एकच आहे आणि त्याचं म्हणणं अजून तपासलं गेलेलं नाही, हे प्रत्येक बातमीत पुन्हा लिहावं लागतं. संपादकाला कंटाळा आला तरी. जुलै २०१७ मध्ये मोसुल मुक्त झाल्यावर बादुशजवळच्या एका टेकाडाखाली मृतदेह सापडले. लांब केस, हातातली कडी, इराकी नसलेले बूट. डीएनए जुळल्यावर २० मार्च २०१८ ला सुषमा स्वराज यांनी संसदेत मृत्यू जाहीर केले. ३९ पैकी एकाची जुळणी तोवर अपुरी होती, हेही त्यांनी सांगितलं.

नाक्यांना प्रत्येक ठिकाणी वेगळा शब्द: इजिप्तमध्ये 'कमीन', लेबनॉन-सीरियात 'हाजिज', इराकमध्ये 'सैतरा'. नाका दिसताच आतला दिवा लावायचा, काच खाली, गॉगल काढायचा, हात दिसतील असे ठेवायचे. फोन मांडीवर नको. बोलणं ड्रायव्हरने करायचं. बैरूतहून दक्षिणेला सीमेकडे जायचं तर माहिती मंत्रालयाच्या कार्डाबरोबर सैदातल्या लष्करी गुप्तवार्ता कार्यालयाची परवानगी लागते, ती नसेल तर लिटानी नदीपासून परत फिरवतात. इराकमध्ये बगदादचा कागद कुर्दिस्तानात चालेल असं धरू नये. रोख डॉलर न्यावेत, पण निळ्या पट्टीच्या, २०१३ मध्ये चलनात आलेल्या शंभराच्या नोटा. जुन्या पांढऱ्या नोटांवर दुकानदार कपात करतो किंवा घेतच नाही. छातीवरचं चिलखत आणि हेल्मेट यांची परवानगी आधी काढावी, नाहीतर विमानतळावर तेच जप्त होतं. आतल्या प्लेट्ससह चिलखताचं वजन दहा किलोच्या पुढे जातं, त्यामुळे ते घालून पळायचा सराव आधी करावा. रक्त थांबवायचा पट्टा उजव्या आणि डाव्या अशा दोन्ही हातांना गाठता येईल अशा जागी, आणि बांधल्यावर वेळ लिहायची.

पाठवणं. कैरोचं घड्याळ मुंबईच्या साडेतीन तास मागे, उन्हाळी वेळ चालू असेल तर अडीच. मध्यरात्रीची आवृत्ती म्हणजे तिथे साडेआठ किंवा साडेनऊ. २७ जानेवारी २०११ च्या रात्री इजिप्तने जवळजवळ सगळं इंटरनेट बंद केलं, ते २ फेब्रुवारीला परत आलं. मधल्या काळात सतत चालू राहिले ते साधे लँडलाइन फोन. लोकांनी जुने मोडेम शोधून परदेशी नंबरांवर डायल-अप केलं, बाकीच्यांनी मजकूर फोनवर वाचून दाखवला. म्हणून डेस्कचा एक लँडलाइन नंबर कागदावर लिहिलेला असावा. उपग्रह फोनला उघडं आकाश लागतं. थुरायासाठी कैरोत दक्षिणेकडे, किंचित पूर्वेला मोकळी गच्ची हवी, खोलीत तो मुका. पण त्याचा सिग्नल शोधणाऱ्यालाही सापडतो. बोलून बंद करावा आणि जागा बदलावी. बातमी जिथून पाठवली तिथेच झोपू नये.

निघायच्या आठवड्याची कामं ठरलेली. फिक्सरचे आणि ड्रायव्हरचे सगळे पैसे विमानात बसण्याआधी चुकते करायचे, 'ऑफिसकडून येतील' म्हणायचं नाही. ज्यांची नावं छापली नाहीत त्यांचे नंबर, चॅट आणि फोटो फोनमधून काढून टाकायचे. वहीतली पानंही. विमानतळावर वही उघडली जाते. उपकरणांची यादी बॅगेत वरच ठेवायची. थुरायाला मुळात इजिप्तची परवानगी लागते, आणि मुंबईत तर परवानगीशिवाय तो नुसता बाळगणंही गुन्हा आहे. बॅगेत घालायच्या आधी तो कैरोतल्याच कुणा सहकाऱ्याच्या हवाली करावा, आणि देताना त्यातली कॉल यादी पुसायला विसरू नये.